करारातल्या ‘उत्तम दर्जाच्या कामा’ला माप लावा

घराच्या बांधकामाच्या जवळजवळ प्रत्येक करारात एक वाक्य असतंच: ‘सर्व काम उत्तम दर्जाचे, कुशल कारागिरांकडून, व्यवस्थित करून देण्यात येईल.’ सही करताना मालकाला ते वाचून बरं वाटतं आणि ठेकेदारालाही त्याचं ओझं वाटत नाही. वाद निघाला की मग लक्षात येतं, की या वाक्याला ओळंबा लावता येत नाही. भिंत किती बाहेर गेली म्हणजे काम ‘व्यवस्थित’ नाही? स्लॅबच्या तळाला खडी उघडी दिसली तर तो दोष आहे हे ठरवायचं कुणी, दुरुस्त करायचं कसं आणि खर्च कुणाचा? यातलं काहीच कागदावर नसतं.

हे सगळं स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्यांसाठी आहे. बिल्डरकडून नोंदणीकृत प्रकल्पात फ्लॅट घेणाऱ्याला रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम १४(३) चा आधार असतो. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत रचनेतला किंवा कारागिरीतला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. आपल्याच जागेवर ठेकेदार लावला की हे कलम कामाला येत नाही. उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात गृहबांधणी ही ‘सेवा’ धरली आहे आणि दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पण त्या कायद्यात सेवेतली ‘त्रुटी’ ठरते ती कायद्याने किंवा कराराने जो दर्जा पाळायचा होता त्याच्याशी तुलना करून. करारात दर्जाच लिहिला नसेल तर दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ आपापलं मत मांडत बसतात. तक्रारीची मुदत साधारण २ वर्षं आहे, तीही अशा वादात सरते.

दर्जा लिहिण्याआधी एक फरक स्पष्ट करून घ्यायला हवा. घरात दिसणारा प्रत्येक दोष कारागिरीचा नसतो. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मातीची तपासणी न करताच पाया आखला असेल आणि ठेकेदाराने नकाशाप्रमाणे चोख काम केलं असेल, तरी भिंतींना पायऱ्या-पायऱ्यांच्या भेगा पडणारच. तो दोष डिझाइनचा. सिमेंट मालकाने आणून दिलं आणि ते पावसात भिजून गाठी धरलेलं होतं, तर दोष मालाचा. कारागिरी म्हणजे नकाशा आणि माल दोन्ही ठीक असताना ते जोडण्यात, ओतण्यात, बसवण्यात, भिजवण्यात झालेली कसूर. करारात या तिन्हींची जबाबदारी वेगवेगळ्या ओळीत लिहा.

त्यातच आणखी एक ओळ हवी, जी फार कमी करारांत असते: नकाशात किंवा मालात चूक दिसली तर काम पुढे नेण्याआधी ठेकेदाराने लेखी कळवायचं. संडासाचा पाईप बीममधून जातोय हे अनुभवी मिस्त्रीला सेंटरिंगच्या (काँक्रीट ओतायचा साचा बांधण्याच्या) वेळीच दिसतं. तेव्हाच थांबून विचारलं तर इंजिनिअर जागा बदलतो किंवा बीममध्ये स्लीव्ह (पाईप जाण्यासाठी आधीच बसवलेली नळी) ठेवायला सांगतो. गप्प राहिलं तर नंतर छिन्नीने बीम फुटतो. थांबून विचारणं हा कारागिरीचाच भाग आहे असं माझं ठाम मत आहे.

स्लॅबचा दिवस

कारागिरीचा सगळा कस स्लॅबच्या दिवशी लागतो, कारण त्या दिवशी जे चुकतं ते काँक्रीटमध्ये कायमचं गाडलं जातं. म्हणून स्लॅबचा हप्ता ‘स्लॅब पडल्यावर’ असा न लिहिता ‘इंजिनिअरने सळई तपासून लेखी परवानगी दिल्यावर स्लॅब टाकून, सेंटरिंग उघडून, तळ पाहिल्यावर’ असा लिहावा. हप्त्याचे दोन भाग करा. मोठा भाग लेखी परवानगीनंतर स्लॅब पडल्यावर, उरलेला तळ पाहून.

परवानगीआधी काय बघायचं? टेकू भरावाच्या भुसभुशीत मातीवर नुसते उभे नाहीत ना, त्यांच्याखाली फळी आहे ना. प्लेटांच्या फटी बंद आहेत ना, नाहीतर सिमेंटचं पाणी गळून जातं आणि तळाला नुसती खडी उरते. तळाच्या सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई प्लेटपासून वर धरणारे ठोकळे) आहेत ना. साध्या हवामानात स्लॅबला २० मिमी कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) लागतं. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवले असतील तर वायब्रेटर लागताच ते निसटतात, सळई प्लेटला टेकते आणि काही वर्षांत गंज फुगून छताचे पापुद्रे पडायला लागतात.

यातली सगळ्यात घातक चूक बाल्कनी आणि छज्ज्यात होते. भिंतीबाहेर लोंबणाऱ्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, कारण ताण वर येतो. ती वर राहावी म्हणून १० किंवा १२ मिमी सळईच्या ‘खुर्च्या’ साधारण मीटर-मीटरवर लावाव्या लागतात. खुर्च्या नसल्या की काँक्रीटची घमेली घेऊन बिगारी त्याच जाळीवरून ये-जा करतात, सळई पायाखाली दबून तळाला जाते आणि वरून काँक्रीट ओतलं की काहीच दिसत नाही. टेकू काढले की छज्जा भिंतीलगत वरून फाटतो, कधी जागेवरच कोसळतो. नकाशा बरोबर, सळई पूर्ण वजनाची, सिमेंट ताजं, तरीही छज्जा पडतो. निव्वळ कारागिरीचा दोष कसा असतो याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. करारात लिहा: ‘छज्जा व बाल्कनीची वरची सळई खुर्च्यांवर असावी. काँक्रीट ओतताना सळईवरून चालण्यासाठी फळ्या टाकाव्यात.’

कॉलमच्या दोन गोष्टीही याच वेळी बघून घ्याव्यात. रिंगचा हूक १३५ अंशात आत वळलेला हवा. ९० अंशावर सोडलेला हूक भूकंपाच्या हादऱ्याने उघडतो. आणि सळईचा जोड कॉलमच्या मधल्या निम्म्या उंचीत यावा. काम सोपं जावं म्हणून तो सर्रास स्लॅबच्या लगेच वर घेतला जातो, म्हणजे नेमका जिथे ताण सर्वाधिक तिथे.

आता काँक्रीट. साईटवर घमेल्याने माप घेतात आणि गडबड तिथूनच सुरू होते. एक घमेलं काठोकाठ, दुसरं शीगभर. वाळू ओली असली की फुगते आणि घमेल्यात कमी बसते. ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्याचं आकारमान ३५ लिटर धरतात. आतून ४० × ३५ × २५ सेंमीची पेटी केली की ती बरोबर ३५ लिटरची होते. एम-२० या ताकदीच्या काँक्रीटसाठी १ : १½ : ३ (सिमेंट : वाळू : खडी) प्रमाण घेतलं तर एका पोत्याला दीड पेटी वाळू आणि तीन पेट्या खडी. आयएस ४५६ (२०००) या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे नॉमिनल मिक्सच्या (ठरावीक प्रमाणात मिसळलेल्या) एम-२० मध्ये एका पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, आणि त्यात वाळूतला ओलावाही आला. काँक्रीट ‘पळावं’ म्हणून मिक्सरमध्ये आणखी एक बादली ओतली की ताकद झपाट्याने घसरते. करारात ‘एम-२०’ एवढंच न लिहिता पेटीचं माप, पाण्याची मर्यादा आणि ५० ते १०० मिमी स्लंप (शंकू उचलल्यावर ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते माप) लिहा. स्लंप तपासायचा शंकू ३०० मिमी उंचीचा असतो. तो साईटवर ठेवायची जबाबदारी ठेकेदाराची.

आणि एम-२० हेच सगळीकडे लिहू नका. याच मानकात समुद्रकिनाऱ्याच्या हवेला उघड्या असलेल्या आरसीसीला किमान एम-३० आणि ४५ मिमी कव्हर सांगितलं आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यातल्या किनाऱ्यालगतच्या घराला पुण्यातला करार उतरवून चालत नाही.

ताकद तपासण्यासाठी भरायच्या काँक्रीटच्या क्यूबची (घनाकृती ठोकळ्यांची) संख्याही आधीच ठरवा. १,००० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब बीम सोडून सुमारे ११.८ घनमीटर होतो. ६ ते १५ घनमीटरला मानकाप्रमाणे किमान २ नमुने, प्रत्येकाचे ३ क्यूब. म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी ६ क्यूब, आणि ७ दिवसांचा अंदाज हवा असेल तर त्याचे वेगळे. क्यूब मालकाच्या किंवा इंजिनिअरच्या समोर भरावेत, त्यावर तारीख कोरावी आणि प्रयोगशाळा मालकाने निवडावी. खर्च कुणाचा तेही लिहावं; नाहीतर तेवढ्यावरून चाचणीच राहून जाते.

टेकू काढण्याच्या घाईवरही मुदत लिहा. साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटला, तापमान १५ अंशांच्या खाली नसताना, ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस. बीम ६ मीटरपर्यंत असेल तर १४, जास्त असेल तर २१ दिवस. आज बाजारात बहुतेक ठिकाणी मिळणारं पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं पोर्टलँड) सिमेंट हळू ताकद धरतं, त्यामुळे त्याला आणखी वेळ द्यायला हवा. सेंटरिंगवाल्याला पुढच्या साईटवर प्लेटा हव्या असतात, म्हणून तो पाचव्या दिवसापासून तगादा लावतो. करारात आकडा असला की ठेकेदारालाही त्याला थांबवता येतं.

सेंटरिंग उघडल्यावर तळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसली, तर मिस्त्रीचा हात आधी थापीकडे जातो. सिमेंट-वाळू लिंपून तासाभरात सगळं गुळगुळीत. इथे एकच वाक्य लिहून ठेवा: ‘इंजिनिअरने पाहून फोटो काढल्याशिवाय काँक्रीटच्या कोणत्याही पृष्ठभागावर लिंपण करू नये.’ वरवरची भोकं ठिसूळ भाग काढून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरता येतात. सळई उघडी दिसत असेल तर ग्राउटिंग (पातळ मॉर्टर आत भरणं) की तोडून पुन्हा ओतणं हे इंजिनिअर ठरवेल. लिंपून टाकलेलं मात्र कुणालाच ठरवता येत नाही.

पाणी मारणं हे बिनकौशल्याचं काम समजलं जातं आणि म्हणून ते कुणाचंच नसतं. गवंडी पुढच्या साईटवर गेलेले, वॉचमन सकाळी एकदा पाईप फिरवतो. आयएस ४५६ प्रमाणे ओपीसीला किमान ७ दिवस, कोरड्या उन्हाळी हवेत किंवा पीपीसीला किमान १० दिवस, आणि पीपीसीसारख्या सिमेंटला ते १४ पर्यंत न्यावं असं सुचवलं आहे. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवा. मुख्य वाद टँकरच्या पैशांचा असतो. पाणी मालकाचं की ठेकेदाराचं, आणि मारणारा माणूस कुणाचा, या दोन्ही गोष्टी नावानिशी लिहा.

वीटकाम आणि गिलावा

यात मापं सरळ आहेत. विटा भिजवून घ्याव्यात, सांधा १० मिमीपेक्षा जाड नको, एका दिवसात साधारण १ मीटरपेक्षा उंच चढवू नये. एका मजल्यात ३ मीटर उंचीला ओळंब्यातला फरक ६ मिमीच्या आत हवा. भिंत बाहेर गेली की मिस्त्री गिलावा जाड करून ती सरळ ‘दाखवतो’, म्हणून ओळंबा गिलाव्याआधी लावायचा. आतल्या गिलाव्याला साधारण १२ ते १५ मिमी पुरतात. कुठे ३० मिमी भरावे लागत असतील तर मूळ भिंतच चुकली आहे, आणि एकाच थरात तेवढं भरलेलं पुढे पोकळ वाजतं.

बीम-कॉलम आणि विटांच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना १५० मिमी चिकन मेश मारूनच गिलावा करावा, नाहीतर नेमकी त्याच रेषेत भेग येते. एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) मात्र विटांसारखे बुडवून भिजवायचे नाहीत. नुसतं पाणी शिंपडायचं आणि कंपनीने सांगितलेला पातळ चिकटा वापरायचा. सवयीने ते विटांसारखेच बांधले जातात आणि मग भेगांचा दोष ब्लॉकवर येतो. गिलाव्याच्या समतलपणासाठी करारात ‘२ मीटरच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीखाली कुठेही ३ मिमीपेक्षा जास्त फट नको’ असं लिहावं. खोलीचा काटकोन ३-४-५ फुटांच्या मापाने बघावा (कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३, दुसरीवर ४ फूट, तर तिरकं अंतर ५ फूट). खोली गुण्यात (काटकोनात) नसेल तर फरशीच्या कडेला वाकडी पट्टी कापावी लागते आणि ती रोज डोळ्यांत खुपते.

रंग, दारं, कड्या-कोयंडे यांचे दोष उघड दिसतात आणि बदलता येतात. त्यावर करारात दोन ओळी पुरतात.

ओल

ओलीचं तसं नाही. ती वर्षभराने दिसते, तीही दुसऱ्याच खोलीच्या छताला, आणि तोवर वरची फरशी, कोबा, पाईप सगळं झाकलेलं असतं. म्हणून बाथरूमचं काम टप्प्याटप्प्याने तपासण्याची अट असायलाच हवी.

बुडीत स्लॅब (बाथरूमसाठी खाली घेतलेला) आधी घासून मोकळा करायचा, स्लॅबमधून जाणाऱ्या प्रत्येक पाईपभोवतीची पोकळी ग्राउटने भरायची, भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात वाटा (गोलसर भराव) करायचा म्हणजे काटकोन उरत नाही, आणि वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर किमान ३०० मिमी, शॉवरच्या बाजूला त्याहून वर चढवायचा. मग पाणी भरायचं आणि ७२ तास ठेवायचं. खाली जाऊन छत बघायचं. विशेषतः पाईपभोवती आणि कोपऱ्यांत. छत कोरडं राहिलं तरच विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि त्यानंतर फरशीआधी दुसरी चाचणी. पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या मधे प्लंबर आला आणि त्याने एक भोक पाडलं, तर पहिली चाचणी बाद. ही ओळ करारात हवी, कारण जवळजवळ प्रत्येक गळतीच्या वादात वॉटरप्रूफिंगवाला प्लंबरकडे आणि प्लंबर फरशीवाल्याकडे बोट दाखवतो. सगळ्यांना एकाच ठेकेदाराने लावलं असेल तर जबाबदार तोच, हे स्पष्ट लिहा. पाण्याच्या लाइनवर कार्यदाबाच्या दीडपट दाब देऊन तपासणीही भिंत बुजवण्याआधी.

उतार बाथरूममध्ये मीटरला १० ते १२ मिमी, गच्चीवर १०० ला १. बादलीभर पाणी ओतून दहा मिनिटांनी बघितलं की पाणी कुठे थांबलं ते कळतं. फरशी नाण्याने वाजवून बघावी. कोपरा पोकळ वाजत असेल तर ती फरशी काढून पुन्हा बसवायची, कारण तिथे जड वस्तू पडली की तडा जातो.

झाकल्या जाणाऱ्या कामांबद्दल दोघांनाही न्याय देणारी अट अशी: ‘झाकले जाणारे काम तपासणीसाठी तयार असल्याचे ठेकेदाराने किमान २४ तास आधी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा लेखी कळवावे. न कळवता झाकले तर उघडण्याचा व परत करण्याचा खर्च ठेकेदाराचा. कळवून व ठरलेली वेळ देऊन झाकलेले काम मालकाने नंतर उघडायला लावले आणि ते योग्य निघाले, तर खर्च मालकाचा व कामाची मुदत तेवढी वाढेल.’ चांगला ठेकेदार या अटीला नाही म्हणत नाही. तिच्यात त्याचंही संरक्षण आहे.

भेगांसाठीही आधीच ठरवून ठेवावं. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक भेगा सुकताना येतात. त्या एकदा, वर्ष संपताना, भरून रंगवून द्यायच्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांनी चढलेली किंवा बीमच्या तळाला आडवी आलेली भेग लगेच इंजिनिअरला दाखवायची. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहून ठेवा. दोन महिन्यांनी भेग रेघेपलीकडे गेली असेल तर ती जिवंत आहे, आणि नुसतं भरून उपयोग नाही.

पैशांचं गणित याच सगळ्याला जोडायचं. प्रत्येक हप्त्यातून ५ टक्के अनामत राखून ठेवा. ४० लाखांच्या कामावर ती २ लाख होते, म्हणजे दुरुस्तीसाठी ठेकेदार परत यावा इतपत मोठी आणि तो बुडू नये इतपत लहान. पण दर इतका घासून घेतला असेल, की ठेकेदाराला अनामतीतूनच नफा काढावा लागतोय, तर तो खुर्च्या, पाणी आणि दिवस यांतच बचत करणार. दर ठरवताना हे लक्षात ठेवा.

दोषदायित्वाची (ताब्यानंतर दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची) मुदत सरसकट ‘१२ महिने’ लिहितात. ताबा ऑगस्टमध्ये मिळाला तर बारा महिने पुढच्या ऑगस्टमध्ये संपतात, म्हणजे एकही पावसाळा सलग पाहिला जात नाही, आणि सप्टेंबरातल्या सततच्या पावसाने भिंतीच्या पोटात शिरलेली ओल आत दिसायला ऑक्टोबर उजाडतो. म्हणून मुदत अशी लिहा: ‘ताब्यापासून १२ महिने, किंवा ताब्यानंतरच्या पहिल्या पूर्ण पावसाळ्याचा ३१ ऑक्टोबर, यांपैकी जे नंतर येईल ते.’ त्या दिवशी मालक, ठेकेदार आणि इंजिनिअर तिघांनी मिळून गच्ची, बाथरूमखालची छतं आणि बाहेरच्या भिंतींच्या आतल्या बाजू फिरून बघायच्या, यादीवर सह्या करायच्या, यादीतलं काम झाल्यावर १५ दिवसांत अनामत परत करायची.